रात्रपाळीवाल्यांच्या झोपेचं काय?

झोप आणि हृदयावरच्या एका लेखात म्हटलंय की हृदय जपायचं तर रोज किमान सात तास झोपा. पटलं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या यादीत झोप आठवी बाब म्हणून घातली, मोठ्यांसाठी ७ ते ९ तास सांगितले. पण आमच्या सोलापुरात टॉवेलच्या मागावर रात्रपाळी करणाऱ्यानं एवढे तास आणायचे कुठून? माझे वडील तीस वर्षं सकाळी घरी येऊन पत्र्याच्या खोलीत झोपायचे. मे महिन्यात पारा ४० च्या वर, शेजारी मागांचा खडखडाट. चार तास डोळा लागला तरी आई म्हणायची, "आज बरं झोपले." झोपेत रक्तदाब साधारण १० ते २० टक्के उतरतो, तेवढाच हृदयाला विसावा. वडिलांना तो नीट मिळालाच नाही. बावन्नाव्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली. तंबाखूही होती, सगळा दोष झोपेला देत नाही. पण तपासताना मीठ विचारलं, तंबाखू विचारली, झोप किती हे कुणीच विचारलं नाही! घरात कुणी रात्रपाळी करून आलं असेल तर कृपा करून टीव्ही बंद ठेवा, खिडकीला जाड चादर लावा. आणि घोरताना श्वास अडकत असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा.