खुबा ‘सरकला’ म्हणे!

परवा लालबागला मावशी मोरीत घसरून पडली. मला फोन यायच्या आधीच चाळीच्या ग्रुपवरचा ‘सर्वांना पाठवा’ तिच्या सुनेपर्यंत पोचला होता: म्हातारं माणूस पडून पाय आखूड झाला, बाहेर वळला, तर खुबा सरकलाय समजा. जाणकाराकडून हिसका देऊन बसवा. ऑपरेशन नको, हाड आपोआप जुळतं. मी गेलो तेव्हा खालचे काका बाह्या सरसावून पायाशी बसलेच होते.

अहो, खुबा म्हणजे खोल वाटीत बसलेला मांडीच्या हाडाचा गोळा, भोवती चिवट बंध. धडधाकट सांधा निखळायला गाडीच्या धडकेएवढा जोर लागतो. आणि निखळला, तर तो बहुतेकदा मागे जातो व पाय आत वळतो. बाहेर वळलेला, आखूड पाय ही मोडल्याची खूण. म्हणजे मेसेजवाल्याने लक्षण बरोबर लिहिलंय, रोग चुकीचा!

म्हातारपणी मोडते ती बऱ्याचदा गोळ्याखालची मान, म्हणजे त्याच हाडाचा निमुळता भाग. गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या या मानेला लगटूनच वर जातात. मान मोडताना त्यातल्या काही तुटतात, उरलेल्या काकांच्या हिसक्याने जातील. रक्त थांबलं की गोळा आतल्या आत मरतो. मनगट प्लास्टरमध्ये जुळतं म्हणून हेही जुळेल, असं नाही.

बरं, एक कबूल. मानेच्या खाली, बाहेरच्या उंचवट्यापाशी मोडलं तर तिथे रक्त भरपूर, हाड जुळतं. पूर्वी वजनं लटकवून कित्येक आठवडे झोपवायचेच. पण तोवर पाठीला जखमा, छातीत कफ, पायात गुठळ्या. उपचार कसे करावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०११ची मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहे: दाखल केल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन.

‘उभं राहता आलं तर मोडलेलं नाही’ हेही खोटं. तुकडे एकमेकांत रुतले तर माणूस चालतो. कधी कळ गुडघ्यात येते, कारण दोन्हीकडे त्याच नसांचे फाटे. मग घरचे गुडघा चोळत बसतात. तिळाचं तेल हाडात मुरतं म्हणे. त्यावर काय बोलायचं?

काकांना उठवलं. पाय होता तसाच ठेवून दोन्ही पायांमध्ये उशी घातली, ओढणीने बांधले आणि मंडळाच्या मंडपाची फळी मागवली. तीन जिने उतरताना फळीचं पुढचं टोक काकांनीच धरलं होतं.