सीए १९-९ चा आकडा एकट्याने वाचू नका

मागच्या श्रावणात मावशीला कावीळ झाली. रात्री साडेदहाला लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. सीए १९-९ या रक्तचाचणीचा आकडा: ४१२. शेजारी ठळक अक्षरात 'हाय', आणि नॉर्मल ३७ पर्यंत. मावसभावाने गुगल केलं, 'स्वादुपिंडाचा कॅन्सर' एवढं वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. मावशी आतल्या खोलीत झोपली होती. आम्ही स्वयंपाकघरात उजाडेपर्यंत नुसते बसून होतो.

निघाला पित्तनलिकेत अडकलेला खडा. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे पित्तनलिकेपर्यंत दुर्बीण नेऊन, काढला, कावीळ उतरली आणि दीड महिन्याने तोच आकडा १९ वर आला.

तेव्हापासून या चाचणीबद्दल हाती लागेल ते वाचतेय. सीए १९-९ ही मुळात साखर आहे. चहात घालतो ती नव्हे, पेशींच्या अंगावर असते ती चार शर्करांची छोटी साखळी. १९७९ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये हिलरी कोप्रोव्स्कींच्या गटाने आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी उंदरांना टोचून अँटीबॉडी मिळवली, तिच्या क्रमांकावरून हे नाव पडलं. पण ही साखळी पित्तनलिकेच्या निरोगी पेशीही बनवतात. पित्ताची वाट तुंबली की ती रक्तात साचते. मावशीचं तेच झालं होतं.

याची दुसरी बाजू मला जास्त घाबरवते. ही साखळी पुरी करणारं एन्झाइम आणि लुईस रक्तगट (ए, बी, ओ सारखीच रक्तगटांची आणखी एक पद्धत) ठरवणारं एन्झाइम एकच. असे रक्तगट म्हणजेही साखरच ना! १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी आपल्या मुंबईत शोधलेला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' फ्युकोज नावाची एक शर्करा न जोडली गेल्यामुळे होतो. तसंच शंभरातल्या पाच-दहा जणांत हे लुईसचं एन्झाइम नसतं. त्यांना कॅन्सर असला तरी सीए १९-९ बहुतेकदा वाढतच नाही. रिपोर्ट 'नॉर्मल', आणि माणूस निर्धास्त.

म्हणून फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये ही चाचणी घुसवणं मला साफ चुकीचं वाटतं. निदान झालेल्या पेशंटचा आकडा केमोनंतर उतरतोय की चढतोय, हे बघायला ती मोलाची आहे. धडधाकट माणसाला कशाला?

आणि कावीळ असताना असा रिपोर्ट आलाच, तर आधी त्याच कागदावर बिलीरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) किती आहे ते बघा. सकाळी दोन्ही आकडे आणि सोनोग्राफी डॉक्टरांसमोर एकत्र ठेवा. कावीळ उतरल्यावर चाचणी पुन्हा करायची का, हेही तिथेच विचारून घ्या.