केस माझे, गाळणी सासूबाईंची

मी मूळची नागपूरची. तिथे होते तोवर माझे केस कुरळे आहेत ही नुसती माहिती होती, तक्रार नव्हती. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकायचा, हवेत ओलावा औषधालाही नसायचा आणि बटा शहाण्या मुलींसारख्या जागच्या जागी बसून असायच्या. लग्न होऊन डोंबिवलीला आले आणि पहिल्याच जूनमध्ये डोक्याचा घेर वाढला. घरातून निघताना आरशात जी बाई दिसते, ती ठाण्यापर्यंत टिकत नाही. एकदा लोकलमध्ये मागे उभ्या असलेल्या बाईंनी फार अदबीने विचारलं, "केस जरा पुढे घेता का? नाकात जातायत."

यात केसांचा तरी काय दोष? दमट हवेत केस पाणी पितो, फुगतो, लांबतो. जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने केसाची ही खोड हेरून १७८३ साली माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक यंत्र केलं. माझ्या डोक्यावर अशी लाखभर यंत्रं आहेत आणि पाऊस पडणार हे ती हवामान खात्याच्या आधी सांगतात.

दुकानात यावर स्टायलिंग कंडिशनर मिळतं. बाटलीवर 'कुरळ्या केसांसाठी' असं छापलं की किंमत वाढते आणि कुरळे केस ती बाटली तीन आठवड्यांत पिऊन टाकतात. तेव्हा घरीच करू म्हटलं. स्वयंपाकघरात बुळबुळीत पदार्थांना काय तोटा! खरी अडचण पुढे कळली. डोक्याला लावायची कुठलीही घरगुती गोष्ट आधी गाळावी लागते. आणि घरातली गाळणी सुनेची नसते.

पहिला मान भेंडीला. भेंडीची तार सुटू नये म्हणून आयुष्यभर त्यात आमसूल घातलं, आता मी भाजीवाल्याला म्हणाले, "चांगली चिकट होईल अशी द्या." त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नजर केसांवर थांबवली. सात-आठ भेंड्या चिरून उकळल्या, चहाच्या गाळणीतून गाळल्या, केसांना चोपडल्या. बारा वाजेपर्यंत बटा अशा काही वळल्या होत्या की मी ऑफिसात दोनदा विनाकारण पाणी प्यायला उठले. मग घाम आला आणि भेंडी मानेवरून पाठीत उतरू लागली. संध्याकाळी सासूबाई गाळणी उजेडाकडे धरून उभ्या होत्या. डॉक्टर एक्सरे बघतात तशा.

"चहा का खाली पडत नाही गो हिच्यातून?"

मी नवी गाळणी आणली.

पेजेचा प्रयोग लवकर आटोपला. वाळल्यावर तिची पांढरी पूड खांद्यावर पडू लागली आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला कोंड्याचा शाम्पू सुचवला. मग सासूबाईंनाच दया आली. त्या रत्नागिरीकडच्या. "एवढे उद्योग कशाला करतेस? गॅलरीत जास्वंद आहे ना. पानं पाण्यात कुस्करायची, बुळबुळीत पाणी सुटतं ते केसांना लावायचं. आमच्या आईने जन्मभर तेच केलं." केलं. आणि प्रामाणिकपणे सांगते, आतापर्यंतच्या प्रयोगांत हा सगळ्यात सरस. पण माझे केस जाड आणि कमरेपर्यंत. दुसऱ्या रविवारी झाडाला तीन पानं आणि एक कळी उरली, आणि चतुर्थी चार दिवसांवर. विषय तिथेच संपला.

तेवढ्यात माहेरून जवस आलं, किलोभर, चटणीसाठी. कुरळ्या केसांच्या जगात जवसाला काय मान आहे हे मला तोवर कळलं होतं. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच, सतत ढवळणं. आठ-दहा मिनिटांत पाणी अंड्याच्या बलकासारखं, पांढऱ्या बलकासारखं, दाट होतं आणि डावातून तार लोंबायला लागते. त्याच क्षणी, गरम असतानाच, गाळायचं. निवलं की बी आणि गर एकमेकांना सोडत नाहीत. नेमका त्याच क्षणी आईचा फोन आला.

"काय करून राहिली?"

"जवस उकळतेय. केसांना लावायला."

पलीकडे बराच वेळ शांतता. "मी एवढं निवडून पाठवलं, अन् तू डोक्याला लावून राहिली? मग चटणी कशाची करशील?" यावर वीस मिनिटं चर्चा झाली. फोन ठेवला तेव्हा पातेल्यात जे होतं त्यात डाव उभा राहत होता.

नव्या गाळणीने नकार दिला. पिठाची चाळणी काढली, तिची भोकं एकेक करून मिटली. शेवटी सासूबाईंचा चक्का बांधायचा पंचा उचलला, त्यात तो गोळा ओतला, पुरचुंडी केली आणि सगळी ताकद लावून पिळली. गर खालून यायचा तो बाजूने आला. थोडा भांड्यात पडला, थोडा ओट्यावर, आणि एक लांबलचक धार पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांच्या चष्म्यावर. त्यांनी चष्मा पुसायचा प्रयत्न केला. जवस पुसलं जात नाही, पसरतं. तेवढ्या अनुभवावरून त्यांनी शांतपणे विचारलं, "हे केसांतून निघतं ना?"

निघतं. पण आधी वाळतं. ओल्या केसांना लावून, बटा मुठीत दाबून, नवऱ्याच्या जुन्या टी-शर्टात डोकं बांधून बसले. तासाभराने सोडलं तर प्रत्येक बट कुरडईसारखी कडक. नवरा म्हणाला, "क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल लावतात. तू खेळायला तयार दिसतेस." ही कडक कुरडई हाताने चुरगळायची, मग बटा मऊ होतात, हे त्याला समजावण्यात अर्थ नव्हता.

चुरगळताना मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानातल्या कंडिशनरमध्ये धन भाराचे रेणू असतात, केसावर ऋण भार असतो, म्हणून ते केसाला धरून राहतं आणि तो मऊ करतं. भेंडी, पेज, जवस यांना हे जमत नाही. त्या वरून पातळ पापुद्रा धरतात आणि आकार टिकवतात. म्हणजे दोन महिने मी कंडिशनर म्हणून जे करत होते, ती सरळ सरळ खळ होती.

हे मी जेवताना मोठ्याने बोलले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. उरलेलं जवस डब्यात भरून मी फ्रीजमध्ये ठेवलं. त्यात टिकवायला काही घातलेलं नसतं, आठवडाभरात संपवावं लागतं. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर डबा रिकामा, घासून पालथा घातलेला. गॅलरीत त्यांची सुती साडी वाळत होती. जवळजवळ स्वतःच्या पायांवर उभी.

संध्याकाळी भजनी मंडळातून आल्या त्या खुशीत होत्या. चारचौघींनी निऱ्यांची चौकशी केली होती म्हणे. चहाचा कप ठेवून त्यांनी फडताळातून कोऱ्या मलमलचा चौकोनी तुकडा काढला, कडा शिवलेला, आणि माझ्या हातात दिला.

"पुढच्या वेळी यातून गाळ. आणि पाव वाटी नको गो, अर्धी वाटी टाक. गुरुवारी दोन साड्या आहेत."