नियम कडक असू देत, रातोरात बदलू नका

युरोपचे नियम म्हणजे आपल्या शेतकऱ्याला बाहेर ठेवायचा डाव, असं गावाकडे फोन केला की हमखास ऐकायला मिळतं. मी रॉटरडॅमला फळांच्या व्यापारात आहे. नाशिकची द्राक्षं याच बंदरातून युरोपभर जातात. मला हे पटत नाही.

नियम कडक आहेतच. फवारणीच्या ज्या रसायनाची स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्याचा फळातला अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. २०१० साली द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं आणि कंटेनर अडकले. वेलीची वाढ रोखायला सर्रास फवारलं जाणारं हे औषध आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. बागायतदारांचं अतोनात नुकसान झालं. पण काय तपासणार आणि किती चालणार, हे युरोपच्या नियमांत कागदावर होतं, म्हणून सावरता आलं. यादीत त्या औषधाची भर पडली. आज ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नोंदलेल्या प्लॉटचा नमुना तोडणीआधी प्रयोगशाळेत जातो आणि पेटीवरच्या कोडवरून माल कोणाच्या बागेतला, ते कळतं.

माझा राग आहे तो इथल्या काही सुपरमार्केटांवर. कायद्याला चालतं त्याच्या एक तृतीयांशच अंश हवा, अशी त्यांची अट. खर्च बागायतदाराच्या माथी आणि भावात वाढ नाही. भांडायचं तर यावर भांडावं.

आता आपल्या घरचे नियम बघा. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क. ८ डिसेंबरला थेट बंदी, तीही आदल्या दिवशीच्या अधिसूचनेने. ३१ मार्चला उठणार म्हणून शेतकरी थांबले, तर मुदत वाढवली. ४ मे २०२४ ला उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातभाव आणि तेच ४० टक्के शुल्क लावून. लासलगावला लिलाव बंद पडले, साठवणीच्या चाळीत माल सडला. यात शेतकऱ्याने कुठली फवारणी सुधारायची होती?

नेदरलँड्सही कांदा पिकवतो आणि त्यातला बहुतेक बाहेर विकतो. इथला शेतकरी पेरताना एवढं धरून चालतो की काढणीच्या वेळी निर्यात चालू असेल. तेवढी खात्री निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याला द्या. शहरात कांदा महागला तर सरकारने बाजारभावाने विकत घेऊन स्वस्तात विकावा. तो बोजा तिजोरीने उचलावा, एकट्या कांदेवाल्याने का?