चोरी लंडनला झाली

माझ्या गाडीतलं पेट्रोल गेलं आणि पाठोपाठ रविवारही गेला.

"तुम्ही रिटायर आहात, घरीच असता," एवढ्याच पात्रतेवर सोसायटीनं मला पोलिसांशी बोलायला नेमलं. सांगलीच्या विश्रामबागेत आमची चार मजली इमारत, सोळा फ्लॅट. आठवड्यात तिघांच्या टाक्या कोरड्या झाल्या होत्या. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलो, तर बीट हवालदार म्हणाले, "मीच येतो की ओ काका. रविवारी धाला सगळ्यास्नी पार्किंगमध्ये बसवा. पोलिसांनी आणि लोकांनी मिळून करायचं काम हाय हे."

मिळून! पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुणी फिरवायचा यावर ज्या इमारतीत अजून एकमत नाही, तिथं.

रविवारी हवालदार खुर्चीत टेकतात न टेकतात तोच दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी फिर्याद मांडली: वरच्यांच्या कुंड्यांचं पाणी यांच्या वाळवणावर ठिबकतं. वरच्यांनी उलट विचारलं, वाळवण सामायिक गच्चीत का नाही? त्यावर गच्चीची किल्ली निघाली, किल्लीवरून मेंटेनन्स निघाला. पेट्रोल राहिलंच. तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली निघाली तेव्हा गृहखातं आमच्याच जिल्ह्यातल्या, अंजनीच्या आर. आर. आबांकडं होतं. ती गावांपुरती ठेवली हे आबांचं शहाणपण. आमच्या पार्किंगमध्ये तिनं पहिल्याच सकाळी हात टेकले असते.

चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी वहीत लिहून आणलेला प्रश्न वाचला. "रात्री साडेदहाला वरचे मिक्सर लावतात. १०० ला फोन करू का?"

"आता ११२ हाय, आजोबा. पण त्यावर फोन केला की खरंच गाडी येती. मिक्सरसाठी नका बोलवू."

आजोबांनी १०० खोडून ११२ लिहिलं. पुढचं काही त्यांना ऐकू आलं नसावं.

"कॅमेरा हाय न्हवं?" हवालदारांनी विचारलं.

आहे तर! वर्गणी काढून बसवलाय. पण पासवर्ड जुन्या सेक्रेटरींना ठाऊक, आणि ते आता पुण्याला. शेवटी तळमजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांपैकी एकानं काहीतरी खटपट करून पडदा उघडला. पडद्यावर नारळाच्या झावळ्या. रात्रभर झावळ्याच. वर घड्याळ साडेपाच तास मागं.

हवालदार बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चोरी लंडनला झाली दिसतीय."

मग त्यांनी वॉचमनची वही मागितली. हा मात्र खरा दस्तऐवज निघाला. त्यात नाव एकही नव्हतं. 'कुत्रंवाली बाई.' 'दोन वेळा हॉर्न.' 'पेपर फुकट वाचणारे.' (हे कोण, ते मी शोधून काढलं आहे.) माझ्या वेळेसमोर लिहिलं होतं, 'भडंग.' रोज संध्याकाळी गणपती मंदिराकडून फिरून येताना मी पुडा आणतो, हे खरं आहे, पण म्हणून?

"बघा," हवालदार म्हणाले, "भिवंडीत आमच्या पोलिसांतल्याच खोपडे साहेबांनी १९८८ ला मोहल्ला कमिट्या काढल्या. ९२ ला मुंबई पेटली, शेजारची भिवंडी शांत ऱ्हायली. मानसं एकमेकास्नी वळखत हुती. तुमच्यात कोन कुनाला वळखतंय? ही पोरं कुनाची भाडेकरू? पोलिसांत माहिती दिलीया का?"

"तेच म्हणतो मी!" मी उठून उभा राहिलो. "भाडेकरूंची नोंद व्हायलाच हवी!"

सगळे माझ्याकडं बघू लागले. तळमजल्याचा फ्लॅट मेव्हण्याचा आहे. तो असतो ठाण्याला. पोरं मीच ठेवलीत, भाडंही मीच घेतो, आणि नोंद उद्या करू, उद्या करू म्हणत आठ महिने झाले होते.

हवालदार चहा फुंकत गप्प राहिले. मघाच्याच पोरानं मोबाइलवर फॉर्म उघडला आणि माझ्याशेजारी कट्ट्यावर येऊन बसला. सराईतपणे भरत गेला: आधार, कॉलेज, गावचा पत्ता. ओळखीच्या माणसाच्या रकान्यात त्यानं वॉचमनचं नाव घातलं. मग थांबला.

"काका, तुमचं पूर्ण नाव काय?"

त्याच्या फोनमध्ये मी 'घरमालक काका' होतो. मी जरा फणकाऱ्यानंच नाव सांगितलं. "आणि माझा नंबर तुमच्याकडं आहे ना?" त्यानं विचारलं. आहे की, म्हणत मी माझा फोन काढला. तो शेजारूनच बघत होता, आणि नंबर होता 'तळमजला भाडं' या नावाखाली.