‘एका अक्षराने बुडालेला गेम’ ही गोष्ट अर्धीच खरी

‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ या 2013च्या व्हिडिओ गेमबद्दल एक पोस्ट अधूनमधून फिरत असते. एका अक्षराच्या चुकीने गेम बुडाला, कंपनीने तो कधी दुरुस्तच केला नाही, ते अक्षर खोडलं की गेम झकास होतो आणि समीक्षकांनी उगाच झोडपलं, असा तिचा सूर. एकेक मुद्दा घेऊ.

चूक होती, हे खरंच. गेमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीत ‘टेदर’ या इंग्रजी शब्दात एक ‘ए’ जास्तीचा पडला होता. एका हौशी मॉडरने, म्हणजे गेमच्या फाइल्समध्ये स्वतः बदल करणाऱ्या चाहत्याने, 2017मध्ये तो हेरला आणि जुलै 2018मध्ये त्याची बातमी जगभर झाली. टेदर म्हणजे झेनोमॉर्फला, गेममधल्या एलियन प्राण्याला, नेमून दिलेला इलाखा. कुठे लढायचं, बाहेर पडायच्या वाटा कुठे आहेत, तुमच्या मागून यायचं तर कुठल्या जागेत सरकायचं, हे त्याला त्यावरून कळतं. नावच चुकल्यामुळे ती जोडणी होत नव्हती, म्हणून हे भयंकर प्राणी सरळ बंदुकीच्या नळीकडे धावत यायचे. फाइल नोटपॅडमध्ये उघडून अक्षर काढलं की ते पांगतात, बगल देतात. फरक दिसतो, मान्य.

पण तेवढ्यानेच गेम बुडाला? त्या ओळीत नाव झेनोमॉर्फचं आहे. मोहिमेचा बराच भाग तुम्ही भाडोत्री सैनिकांवर गोळ्या झाडत असता, त्यांचा ठोंबेपणा तसाच राहतो. पातळ कथा, कंटाळवाणे टप्पे, निर्जीव पात्रं यांतलं काहीच त्या फाइलमध्ये नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण वाकडं होतंच, पण नाचताही येत नव्हतं.

‘कंपनीने कधी दुरुस्तच केला नाही’ हे तर साफ खोटं. गेम 12 फेब्रुवारी 2013ला आला आणि पुढच्याच महिन्यात पीसीसाठी जवळजवळ 4 जीबीचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, निघाला. त्यात चित्रं सुधारली, ढीगभर बग काढले. ती एक ओळ मात्र निसटली. शिवाय एवढ्या पॅचनंतरही लोकांचं मत फारसं बदललं नाही, हे या पोस्टवाल्यांनी लक्षात घ्यावं.

आता ‘झकास होतो’. लोकांचा खरा राग डेमोवर होता. प्रदर्शनांत दाखवलेला प्रकाश, सावल्या, बारकावे विकलेल्या गेममध्ये नव्हते. ब्रिटनमध्ये जाहिरात नियामकाकडे तक्रार गेल्यावर, ट्रेलरमधली दृश्यं डेमोची असल्याची सूचना टाकायला गेमची प्रकाशक सेगा तयार झाली. अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला आणि 2014मध्ये सेगाने 12.5 लाख डॉलरवर तडजोड केली. गेमची घोषणा 2006ची, निर्माता म्हणून नाव गिअरबॉक्सचं, पण मोहिमेचं बरंच काम टाइमगेट या दुसऱ्या स्टुडिओकडे. कुणी किती केलं यावर पुढे वादच झाला. हा घोळ नोटपॅडने निस्तरत नाही.

समीक्षकांनी दुकानात मिळत होता तो गेम तपासला. दुसरं काय करायला हवं होतं? आणि एक्सबॉक्स 360 किंवा प्लेस्टेशन 3 या कन्सोलवर पैसे मोजलेल्यांना तर ही फाइल उघडण्याची सोयच नव्हती.

भीतीचंच म्हणाल तर 2014चा ‘एलियन: आयसोलेशन’ पाहा. प्रकाशक तीच सेगा, स्टुडिओ मात्र क्रिएटिव्ह असेंब्ली. तिथे एक यंत्रणा तुम्ही कुठे आहात हे कायम जाणते, पण एलियनला फक्त अंदाजाने त्या बाजूला पाठवते. पुढे आवाज आणि हालचाल यांच्या मागावर तो स्वतःच तुम्हाला शोधतो. म्हणून कपाटात लपल्यावर आपण खरोखर श्वास रोखून धरतो. कलोनियल मरीन्समधला दुरुस्त केलेला झेनोमॉर्फ हुशारीने मागून आला, तरी तुमच्या हातात रायफल असते आणि तो मरायलाच आलेला असतो.