रिव्ह्यूला उत्तर: "इंजिन परत पॉइंटवर अडकतंय, मोटर बदललीच नाही"

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. मॉडेल रेल्वेचं जुनं डिझेल इंजिन रिपेअरला दिलं, आठवडाभर नीट चाललं आणि परत पॉइंटवर (एका रुळाचे दोन फाटे फुटतात तिथे) अडकायला लागलं, जळकी मोटर तशीच ठेवली आणि न विचारता रबर मात्र बदलले, असं तुम्ही लिहिलंय. जिथे आमचं चुकलंय ते आधी सांगतो.

टेस्ट आम्ही सरळ ट्रॅकवर आणि गोलावर घेतली, पॉइंटवरून हळू नेऊन बघितलंच नाही. हे चुकलंच. चाकांवरचे रबर कडक होऊन चिरले होते, त्याचे काळे कण रुळावर पडत होते म्हणून बदलले, पण एक फोन करायला हवा होता. रबराचे पैसे परत करतो.

मोटरचं मात्र मान्य नाही. इंजिन उघडल्या उघडल्या पहिलं काम काय केलं तर मोटरच्या ब्रशला (मोटरला आत करंट देतात ते कार्बनचे तुकडे) दोन वायरी थेट लावल्या, १२ व्होल्टची मोटर पण चार-पाच व्होल्टलाच एकसारखी फिरायला लागली, ना ठिणग्या ना जळका वास. तीच मोटर रुळावरून चाकांमधून करंट मिळाला की धक्के खात होती, म्हणजे घोळ वाटेत आहे. मल्टीमीटरचं एक टोक ब्रशला आणि दुसरं चाकाच्या कडेला धरून चाक बोटाने हळूहळू फिरवलं तर कधी आकडा यायचा, कधी लाईनच गायब. चाकाच्या मागे बघितलं तर पिकअपची पत्री, म्हणजे चाकातून करंट घेणारी, वाकलेली, चाकाला जेमतेम टेकतेय, आणि चाकावर तो नेहमीचा काळा थर, तेल धूळ आणि ठिणग्या मिळून होतो तो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढला, पत्री सरळ केली. पॉलिश पेपर मुद्दाम मारला नाही, ओरखडे पडले की मळ आणखी धरतो (बरेच जण तेच करतात आणि दोन महिन्यांनी परत येतात).

मग परत का अडकलं? तुमच्या इंजिनाला चाकं आठ, पण करंट घेतात फक्त चार. बोगी म्हणजे इंजिनाखालचा वळणारा चार चाकांचा सांगाडा; मोटरच्या बोगीची डावीकडची दोन आणि मागच्या बोगीची उजवीकडची दोन, बाकी दोनांवर रबर आणि दोन नुसतीच फिरतात, त्या काळी कित्येक इंजिनं अशीच यायची. आता पॉइंटच्या मधला तो प्लॅस्टिकचा तुकडा मेलेला असतो, त्यात करंट नसतो, एक चाक त्याच्यावर आलं की त्या बाजूला उरतं एकच, आणि त्या एकाखाली कणभर मळी आली की खेळ खलास. वेगात असेल तर निघून जातं, हळू असेल तर तिथेच बसतं. नवीन मोटर टाकली असती तरी तिथेच बसलं असतं आणि बिल वाढलं असतं ते वेगळं.

खरा उपाय म्हणजे मागच्या बोगीच्या डावीकडच्या रिकाम्या दोन चाकांना फॉस्फर ब्राँझची पातळ पत्री टेकवायची, बोगीपासून इन्सुलेट करून, आणि तिथून मऊ बारीक वायर मोटरपर्यंत न्यायची, बोगी वळताना ताण येणार नाही एवढी ढिली ठेवून. मग डावीकडे दोनाची चार होतात. उजवीकडे रबरामुळे दोनच राहतील, रबराचं एक चाक काढून साधं टाकता येतं पण मग डबे ओढायचा जोर कमी होतो, ते तुम्ही ठरवा, यावेळी विचारूनच करू.

अजून एक, राग मानू नका, तुम्ही टाकलेल्या फोटोत रूळ तेलाने चमकतायत. तेल एक्सलला, तेही सुईच्या टोकावर राहील एवढंच. चाकाच्या कडेला गेलं की धूळ चिकटून तोच काळा थर परत बसतो.

इंजिन परत पाठवा, पिकअपच्या कामाची मजुरी घेणार नाही. आणि जमलं तर तो अडकणारा पॉइंटही सोबत पाठवा, अगदी हळू त्याच्यावरूनच चालवून व्हिडिओ पाठवतो, मगच पॅक करू.